मुस्यूंचं फ्रेंच

“मामा, काय म्हणाला तो?”

“व्हॉल्व्ह अर्धाच उघड म्हणतोय. सावकाश,” मुस्यू म्हणाले.

भाचीनं व्हॉल्व्ह अर्धा उघडला. स्टुलावर चढलेल्या म्हाताऱ्या फिटरनं मान डोलावली. मुस्यूंनी रुमालानं कपाळ पुसलं. फिटर खरं काय म्हणाला होता, ते त्यांना अजिबात कळलं नव्हतं.

मुस्यू, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘महाशय’, हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ऑफिसनं ठेवलेलं. प्रयोगशाळेसाठी फ्रान्सहून काहीही आलं, साधा फ्लास्क असो की भिंतभर यंत्र, की त्याबरोबरचे कागद दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या टेबलावर यायचे आणि इंग्रजी होऊन खाली जायचे. फ्रेंचांच्या कुठल्या नळीला, कुठल्या बुचाला इंग्रजीत काय म्हणायचं, ते त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण लिहून दाखवलं तर. ते फ्रेंच शिकले पोस्टानं, पुढे वापरलं ते कागदावर. कानावर ती भाषा पडलीच नाही. एकदा हौसेनं घरी रेडिओवर फ्रेंच बातम्या लावल्या, तर शब्द नुसते घरंगळत गेले.

“काय म्हणतायत हो?” बायकोनं विचारलं.

“हवामान,” म्हणून त्यांनी रेडिओ बंद केला, तो कायमचाच.

रोज सकाळी कारकून मंडळी “बोंजूर, मुस्यू” म्हणून चिडवायची आणि ते चिडल्यासारखं करायचे. खरं तर त्या हाकेसाठीच ते लिफ्ट सोडून जिन्यानं यायचे, वाटेत सगळी टेबलं लागतात म्हणून.

आता नवं यंत्र आलं होतं. ईथर उकळायचं, त्याची वाफ थंड करून शुद्ध ईथर गोळा करायचं, असं ते काचेचं धूड. इंग्रजी जाणणारा इंजिनिअर ऐन वेळी आजारी पडला आणि कंपनीनं हा फिटर पाठवला. त्याला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. मुस्यूंची भाची इथलीच केमिस्ट. ती साहेबांना म्हणाली, “त्यात काय, आमचा मामा आहे ना.”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण साहेब कौतुकानं बघत होते, भाचीचा चेहरा फुलला होता, आणि मुस्यूंची जीभ काही रेटेना. बरं, यंत्राचं पुस्तक त्यांनीच इंग्रजीत आणलेलं, शब्द न् शब्द पाठ. फिटर बोलला की ते पुस्तकातली पुढची ओळ सांगायचे. फिटरही पुस्तकाबरहुकूम चालला होता. सकाळ निभावली. साहेबांनी पाठीवर थापसुद्धा मारली.

मग ईथर उकळायला लागलं आणि वरच्या तोंडातून उग्र वास आला. फिटरनं डाव्या हातानं तिथलं बूच दाबून धरलं आणि तो ओरडायला लागला. भाचीनं वाकून पाहिलं. थंड पाण्याची रबरी नळी स्टुलाच्या पायाशी दुमडली होती. वाफ गार करणारा कंडेन्सर कोरडा पडला होता.

“पाणी अडलंय. नळी सोडवू का?”

फिटर उजव्या हाताचं बोट खाली रोखून भराभरा बोलत होता. बोटाच्या रोखात नळीही होती आणि हीटरचं बटणही.

“मामा, सांग ना लवकर. सोडवू?”

कंडेन्सरचं पाणी क्षणभरही थांबू देऊ नये, असं पुस्तकात वाक्य होतं. मुस्यूंच्याच हातचं. ते ओठांवर आलं. पण भाचीचा चेहरा त्या काचेपासून वीतभर अंतरावर होता आणि फिटर घाबरलेला दिसत होता. पुस्तकात घाबरलेला फिटर कुठेच नव्हता.

“नळीला हात लावू नकोस,” ते म्हणाले. “मला कळत नाहीये.”

“काय कळत नाहीये?”

“तो काय बोलतोय ते. सकाळपासून एक अक्षर कळलेलं नाही.”

पुढे येणारे साहेब जागीच थांबले. मुस्यूंनी बाटल्यांवर नावं घालायचा मार्कर उचलला, फिटरच्या मोकळ्या हातात कोंबला आणि बाजूच्या काचेच्या भिंतीवर बोट आपटलं. फिटर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं वेड्यावाकड्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली. शब्द दिसले मात्र, मुस्यूंना कंठ फुटला.

“हीटर बंद कर. पाणी सोडू नकोस. काच तापलीये, गार पाणी लागलं तर फुटेल. सगळे मागे व्हा.”

भाचीनं बटण दाबलं. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. फिटर तेवढा बूच धरून तिथेच. उकळी कमी होते की नाही तेच समजत नव्हतं. हळूहळू बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. फिटरनं हात काढला तेव्हा तळवा लालभडक झाला होता.

साहेब निघून गेले. भाचीनं फिटरच्या हाताला मलम लावलं आणि मगच ती मामाकडे वळली.

“म्हणजे सकाळपासून मनानंच सांगत होतास?”

“पुस्तकातलं होतं. बरोबरच होतं ते.”

“मी तुझ्या शब्दावर व्हॉल्व्ह फिरवत होते, मामा.”



ऑफिस सुटेपर्यंत बातमी वर पोचली होती. घरी निघालेल्या हेडक्लार्कनं दारातून डोकावून काचेवरची अक्षरं पाहिली, मग मुस्यूंकडे पाहिलं.

“येतो, काका,” रोज ‘मुस्यू’ म्हणणारा तो म्हणाला.

“या.”

फिटर एका हातानं भांडी पुसत बसला होता. त्यानं त्यांना बोलावलं, एक गोल फ्लास्क त्यांच्या हातात दिला आणि त्याचं नाव सावकाश उच्चारलं. हा शब्द त्यांनी किती वेळा इंग्रजीत नेला असेल, पण आज तो परक्यासारखा कानात शिरला. त्यांनी म्हणून पाहिला. फिटरनं नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा म्हटला.

भाची स्टूल घेऊन आली. त्यांनी सरकून शेजारी जागा केली. ती पलीकडे जाऊन फिटरच्या बाजूला बसली आणि फडकं घेऊन भांडी पुसायला लागली. फिटरनं पुढचं भांडं उचललं, आणि त्यांनी कान पुढे केला.