उत्तरार्धात कुणी बोलत नाही

पुएर्तो नोगालमध्ये कुठला सिनेमा बघायचा आणि कुठला नाही, हे दर शुक्रवारी सकाळी एरिबेर्तो सालाबेरी ठरवायचा. हा मान त्याला कुणी दिलेला नव्हता, पण कुणी काढूनही घेतला नव्हता. शाळेत साहित्य शिकवून निवृत्त झालेला, गावातला फिल्म क्लब सुरू केलेला माणूस. गावच्या रेडिओवर त्याला अर्धा तास मिळायचा. वर्षभर तो काहीबाही बोले. मात्र राष्ट्रीय पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली की त्या अर्ध्या तासाला धार चढायची. नामांकन मिळालेले सिनेमे क्लबच्या सभागृहात एकेका शनिवारी लागत, आणि आदल्या दिवशी प्रोफे निकाल द्यायचा. सगळं गाव त्याला प्रोफेच, म्हणजे मास्तरच, म्हणे, त्याच्या वर्गात कधीही न बसलेले लोकसुद्धा.

निकाल मातेच्या, म्हणजे गावात सगळे पितात त्या कडू पानांच्या चहाच्या, भाषेत असायचा. 'भरला थर्मास' म्हणजे गरम पाण्याचा थर्मास काखेत मारून जा, माते प्यायचा पोखरलेला भोपळा शेजाऱ्याला देत-घेत बसा आणि शेवटपर्यंत उठू नका. 'अर्धा थर्मास' म्हणजे गेलात तर ठीक, नाही गेलात तरी काही बुडत नाही. आणि 'धुतलेला माते' म्हणजे त्याच त्या पानांवर पाणी ओतून ओतून चव गेलेला, घरीच बसा. औषधांच्या दुकानातली बाई खोकल्याची बाटली देता देता गिऱ्हाइकाला सांगायची, "या खेपेचा प्रोफेनं धुतला हो," आणि शनिवारी सभागृहात खुर्च्या रिकाम्या राहायच्या. लोक आळशी नव्हते. त्यांचा विश्वास होता, आणि विश्वासाला पाय कमी लागतात.

त्या वर्षीच्या नामांकनांत एक सिनेमा खुद्द गावातल्या पोरीचा होता. यामिला इरिगोयेन, जुन्या स्टेशनामागे राहणाऱ्या ओल्गा शिंपिणीची मुलगी. शाळेत प्रोफेच्याच वर्गात होती, फिल्म क्लबात पहिल्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसायची. नंतर राजधानीत, मॉन्तेविदेओला गेली, आणि ओल्गा वारल्यावर तर गावात फारशी फिरकली नाही. तिच्या माहितीपटाचं नाव होतं 'फाटकापाशी'. क्लबच्या मंडळाने तिला कळवलं होतं, शनिवारी सभागृह भरलं तर सिनेमा आठवडाभर चालवू. नाहीतर रविवारपासून जागा बिंगोवाल्यांना. बिंगोवाल्यांनी आपली टेबलं आणून भिंतीला लावूनही ठेवली होती.

यामिलाने प्रोफेला लिंक पाठवली तेव्हा सोबत लिहिलं होतं : "शेवटपर्यंत बघा हं, प्रोफे. तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय. बक्षीस मिळो न मिळो, आपल्या गावात चालला की मी जिंकले."

आता खरं सांगायचं तर एरिबेर्तो काही लबाड माणूस नव्हता. लबाडांना निदान बेत आखावा लागतो. याचं आपोआप होत गेलं. फिल्म क्लबच्या दिवसांत तो एकेक सिनेमा दोनदा बघायचा, एकदा स्वतःसाठी आणि एकदा लोकांसाठी. मग सिनेमे लिंकवर येऊ लागले, कॉम्प्युटर मांडीवर आला, मांडी सोफ्यावर आली. आधी तो कंटाळवाणा भाग पुढे ढकलू लागला, मग चांगलाही. कुणी पकडलं नाही. तेव्हा त्याला वाटलं, पकडण्यासारखं काही नाहीच.

बुधवारी दुपारी त्याच्या बायकोने, एल्विराने, मसूर आणि चोरिसो सॉसेजचा दाट रस्सा केला होता. तो दोन वेळा वाढून घेऊन एरिबेर्तो 'फाटकापाशी' बघायला बसला. पडद्यावर चिखलाचा रस्ता. एक कुत्रं. फार लांबून कुणीतरी सायकलवर येतंय, येतंय, येतंच आहे. मग गंजलेलं फाटक कुरकुरत उघडलं. त्यानंतर त्याला दिसली ती अक्षरं. शेवटची नावं खालून वर सरकत होती, आणि आभारांच्या यादीत 'प्रोफे एरिबेर्तो सालाबेरी' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. 'काहीतरी ठेवलंय' ते हेच, असं समजून त्याला बरं वाटलं. त्याने कॉम्प्युटर मिटला.

एल्विरा पलीकडे इस्त्री करत होती.

"घोरत होतास," ती म्हणाली.

"डोळा लागला असेल क्षणभर."

"क्षणभर? माझ्या तीन चादरी झाल्या. परत बघ."

"गरज नाही. दहा मिनिटांत अंदाज येतो मला, एल्विरा. इतकी वर्षं काय गोट्या खेळलोय?"

"अंदाज मिठाचा असतो," एल्विरा म्हणाली. "पोरीच्या कष्टांचा कसला अंदाज घेतोस? उद्या बघ, सकाळी, पोट हलकं असताना."

उद्या बघतो, म्हणाला. उद्या प्लंबर आला.

शुक्रवारी रेडिओवर वॉशिंग्टन पिंतोस समोर बसला होता. रेडिओ चालवायचाही तोच, क्लबचा चिटणीसही तोच, आणि बिझकोचोंची, म्हणजे बेकरीतल्या छोट्या पावांची, कागदी पिशवीही त्यानेच आणलेली. एरिबेर्तोने आधी राजधानीतल्या एका मोठ्या सिनेमाला भरला थर्मास दिला. तोही त्याने अर्धामुर्धाच पाहिला होता. मग तो 'फाटकापाशी'कडे वळला. इथे त्याला गप्प बसता आलं असतं. गावची पोर आहे, जाऊन बघा, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण आपल्या विद्यार्थिनीचं गोड गोड कौतुक केलं असं कुणी म्हणू नये, हा त्याचा ताठा. निःपक्षपाती असण्याची त्याला भारी हौस, आणि त्या हौसेला सिनेमा पाहिलेला असायची अट नव्हती.

"सुरुवात चांगली आहे," तो माइकमध्ये म्हणाला. "रस्ता, सायकल, फाटक. दम आहे पोरीत. पण मंडळी, उत्तरार्धात कुणी बोलतच नाही! नुसती शांतता. बक्षिसासाठी केलेली शांतता. अशा सिनेमांची ही फॅशनच झालीय हल्ली. यामिला माझी विद्यार्थिनी, म्हणून तर जास्त दुखतंय सांगताना. धुतलेला माते."

वॉशिंग्टनने चमकून वर पाहिलं. "कुणीच बोलत नाही, प्रोफे?"

"चकार शब्द नाही."

वॉशिंग्टन त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग गालातल्या गालात हसला. एरिबेर्तोला वाटलं, आपली सडेतोड वृत्ती आवडली याला. त्याने एक बिझकोचो उचलला.

शनिवारी संध्याकाळी तो एल्विराला घेऊन सभागृहात गेला. जाणं भागच होतं. सिनेमा संपल्यावर पहिल्यांदा प्रोफेने उठून बोलायचं, ही क्लबची रीत त्यानेच घालून दिलेली. आत तुरळक माणसं होती. यामिलाच्या दोन मावश्या, वॉशिंग्टन, मंडळाचे लोक, आणि बिंगोच्या टेबलांवर नजर ठेवून असलेल्या काही बायका. यामिला दाराशी उभी होती. वाळली होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे अजून कुणी आहे का, हे ती मान उंच करून बघत होती.

"प्रोफे!" तिने त्याला मिठी मारली. "ऐकलं मी काल, बसमध्ये. सगळं ऐकलं."

"यामिला, समीक्षा म्हणजे..."

"काही बोलू नका. कळलं मला," असं म्हणून तिने त्याचा हात दाबला. एरिबेर्तोला काही कळलं नाही.

दिवे गेले. रस्ता, कुत्रं, सायकल. फाटक उघडलं, आणि या वेळी एरिबेर्तो जागा होता. सायकलवरून उतरलेली यामिला आत गेली. खिडकीपाशी पलंगावर ओल्गा पडून होती, उशांना टेकून, अंगात स्वतः शिवलेला निळा झगा. ती आजारी होती हे एरिबेर्तोला माहीत होतं. दोन हिवाळे अंथरुणात होती, हे नव्हतं. एकदा जाऊन यायला हवं, असं तो तेव्हा एल्विराला म्हणालाही होता.

मुलीने आईचं रोजचं जगणं टिपलं होतं. गोळ्या, केस विंचरणं, खिडकीतून दिसणारं तेच फाटक. आणि मग, सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा, ओल्गाने खिडकीच्या कडेवरचा छोटा रेडिओ लावला. त्यातून आवाज आला :

"थांबा, घाई करू नका. चेहरा नंतर. आधी तिचा हात बघा. दाराच्या कडीवर ठेवलाय, पण उघडत नाहीये..."

एरिबेर्तोने आवाज ओळखला. तो आवाज त्याचा होता. जुना, दमदार, शब्दाशब्दावर प्रेम करणारा. शुक्रवारमागून शुक्रवार तो आवाज नामांकन मिळालेले सिनेमे सांगत होता, आणि जिला कधीच सभागृहात येता येणार नव्हतं ती बाई डोळे मिटून ते बघत होती. तो 'हात' म्हणाला की गोधडीवर तिची बोटं हलायची. तो हसला की ती हसायची. एकदा ती कॅमेऱ्याकडे बघून मुलीला म्हणाली, "प्रोफे डोळ्यांत तेल घालून बघतो गं. म्हणून मला दिसतं." शेवटी पलंग रिकामा होता, आणि खिडकीत रेडिओ बोलत होता. ओल्गाचं ते एक वाक्य सोडलं तर उत्तरार्धात बोलणारा एकच माणूस होता, आणि तो एरिबेर्तो सालाबेरी होता.

त्याला वाटलं उठून जावं. पण अंधारात लोक मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत होते. आता सगळ्यांना कळलं, या विचाराने त्याचे कान तापले. शेजारी एल्विरा ताठ बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

दिवे आले तसा वॉशिंग्टन टाळ्या वाजवत उभा राहिला.

"आता कळलं ना, काल काय झालं ते?" तो सगळ्यांना म्हणाला. "या जुन्या टेप मीच काढून दिल्या होत्या यामिलाला. अख्खा उत्तरार्ध प्रोफेच्या आवाजावर उभा, आणि हा माणूस रेडिओवर काय सांगतो? कुणी बोलतच नाही! स्वतःला हिशेबातच धरत नाही! स्वतःचं कौतुक नको म्हणून चक्क सिनेमा धुतला!"

मावश्या डोळे पुसत होत्या. कुणीतरी "वा प्रोफे!" म्हणालं. टाळ्या वाढल्या. यामिला पुढे आली आणि म्हणाली, "मला बसमध्येच कळलं होतं. प्रोफे आम्हाला शिकवायचे ना, सांगणाऱ्याने मध्ये येऊ नये. अजून तेच पाळतायत."

एरिबेर्तोच्या हातात माइक आला. समोर सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसतं खाली मान घालून 'असो' म्हणायचं, की जन्मभराची पुण्याई पदरात. आणि खोटं का सांगा, क्षणभर त्याची मान खाली झुकलीही. मग त्याला गोधडीवरची ती बोटं आठवली.

"असं काही नाहीये," तो म्हणाला. "मी सिनेमा पाहिला नव्हता. मी झोपलो होतो."

सगळं सभागृह हसायला लागलं.

"प्रोफे आणि झोपणार!" मागून एकजण ओरडला. "आम्हाला कधी झोपू दिलं नाही वर्गात!"

"बघा, अजून कबूल करत नाही म्हातारा!" वॉशिंग्टन म्हणाला.

"खरं सांगतोय. मसूर खाल्ले होते..."

मसुरांवर तर लोक अजूनच हसले. एका मावशीने त्याचा गालगुच्चा घेतला. मंडळाच्या लोकांनी तिथल्या तिथे ठरवलं की सिनेमा आठवडाभर चालवायचा. प्रोफेचा आवाज आहे म्हटल्यावर गाव लोटेल. बिंगोवाल्या बायकांनीसुद्धा हरकत घेतली नाही, उलट त्या उद्याच्या खुर्च्या आत्ताच मागू लागल्या. यामिलाला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते एरिबेर्तोच्या मोठेपणापायी मिळालं होतं. जे त्याच्या अंगात नव्हतं त्याच्यापायी. याहून जास्त लाज वाटण्यासारखं काही असेल, तर ते त्याला ठाऊक नव्हतं.

हसल्या नव्हत्या त्या दोघीच. एल्विरा खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसली होती. आणि यामिला त्याच्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी पहिल्या रांगेतून ती पडद्याकडे अशीच बघायची.

दाराबाहेर ओट्यावर लोक जमले. यामिलाने थर्मास उघडून माते भरला आणि रीतीप्रमाणे पहिला भोपळा प्रोफेला दिला. मग, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तिने विचारलं :

"कुठपर्यंत पाहिला होतात?"

त्याने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "फाटक उघडतं तिथपर्यंत."

तिने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आई त्याच्यानंतर येते, प्रोफे," ती म्हणाली.

एरिबेर्तोच्या हातातला माते तसाच राहिला. ज्याच्या हाती भोपळा त्याने पिऊन परत द्यायचा, म्हणजे दुसऱ्याला मिळतो. ओट्यावर सगळे आपापल्या पाळीची वाट बघत होते. पण कुणी त्याला घाई केली नाही. प्रोफेला गहिवरून आलंय, असं त्यांना वाटलं.