माझ्या बॅटरीवरच्या अक्षता

मी एक म्हातारा पिकअप ट्रक बोलतोय. आवाज घोगरा आहे, तेवढा चालवून घ्या. मध्यंतरी मला एवढंही बोलता येत नव्हतं. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ व्हायचं आणि पुढे शांतता.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. उमेदीची वर्षं मी ओहायोतल्या एका शेतकऱ्याकडे काढली. गवताचे भारे, कुंपणाचे खांब, एकदा तर आजारी वासरू, सगळं पाठीवरून नेलं. त्याने शेत विकलं तेव्हा ओहायोतल्याच डब्लिन गावच्या प्रसादने मला घरी आणलं. प्रसाद मूळचा नागपूरचा, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा.

“ट्रक? आपल्याला? संत्री वाहायचीत का?” त्याची बायको सुलेखा म्हणाली होती. पण पुढे इथल्या मराठी मंडळाच्या सतरंज्या, भोंडल्याचा लाकडी हत्ती आणि कुणाकुणाचे सोफे मीच वाहिले.

त्यांची मुलगी इला हायस्कूलमध्ये शिकते. ती फार कमी बोलते. वर्गात टीचरनी नाव घेतलं तरी तिचा आवाज घशातच राहतो. घरी पाहुणे आले की ती सगळ्यांना पाणी देते आणि नाहीशी होते. पण शाळा सुटली की ती माझ्यात येऊन बसायची, हँडल फिरवून दोन्ही काचा वर करायची आणि मग बोलायची. वर्गात न दिलेली उत्तरं, मैत्रिणीला न सांगितलेले विनोद. एकदा शाळेत हरलेलं भांडण तिने माझ्यासमोर पुन्हा केलं आणि त्या वेळी जिंकलं. बोलताना माझ्या फाटक्या सीटमधून डोकावणारा स्पंज ती बोटाने आत ढकलत राहायची. तिचा तो मोकळा आवाज मी एकट्यानेच ऐकला होता.

यंदाच्या दसऱ्याला प्रसादने मला न्हाऊ घातलं. बॉनेट उघडलं, वायरी सोडवल्या आणि जुन्या टूथब्रशने बॅटरीची टर्मिनलसुद्धा घासली. सुलेखा पूजेचं ताट घेऊन आली.

“वरवर कशाला? खरा जीव इथे आहे,” असं म्हणून तिने टर्मिनलवरच ओलं हळदकुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या. तेवढ्यात पाहुणे दारात आले. आपट्याची पानं मिळाली नाहीत म्हणून त्यांनी रेडबड नावाच्या इथल्या झाडाची पानं सोनं म्हणून आणली होती. प्रसादने घाईघाईत वायरींचे क्लॅम्प पुन्हा दाबून बसवले आणि तो आत गेला. मला जरा खुपलं. पण सणासुदीला कुरकुर कशी करायची?

थंडी पडली आणि एका सकाळी माझं बोलणं बंद झालं.

प्रसादने मित्राला बोलावलं. पुण्याचे श्रीरंगकाका. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं.

“लाइट लागतात, हॉर्न वाजतो. म्हणजे बॅटरी ओके,” काका म्हणाले. “सेल्फ गेलाय, यार.” लगेच त्यांनी गॅरेजला फोन लावला. “सर, सेल्फ इज नॉट टेकिंग!”

पलीकडचा माणूस बुचकळ्यात पडला. इंजिन फिरवणाऱ्या मोटरला आपल्याकडे सेल्फ म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? वय ऐकल्यावर मात्र त्याने माझी आशा सोडायला सांगितलं.

प्रसादने शेवटचा प्रयत्न म्हणून किल्ली फिरवली. इला माझ्यासमोर उभी होती. तिचे डोळे बारीक झाले, ओठ हलले.

“काय गं?”

“नथिंग.”

प्रसादने स्टिअरिंगवरून हात फिरवला. “शनिवारी भंगारवाल्याला बोलावतो,” तो म्हणाला.

सगळे गेल्यावर इला आत येऊन बसली. काचा वर होत्याच.

“बाबाने किल्ली फिरवली की तुझे लाइट एकदम विझतात,” ती मला म्हणाली. “बॅटरी ओके आहे, तर मग ती पॉवर मधेच कुठे अडते? मी सांगायला हवं होतं ना?”

मला उत्तर देता आलं असतं तर! आमचं दोघांचं दुखणं एकच होतं. आत सगळं शाबूत, फक्त बाहेर यायची वाट अडलेली.

शनिवारी भंगारवाल्याचा टो ट्रक मला ओढून न्यायला आला. त्याच्या माणसाने साखळी माझ्याखाली सरकवली. श्रीरंगकाका निरोपाला आले होते. इला दारात उभी होती. मग एकदम, बूटही न घालता, मोज्यांवरच ती धावत आली.

“थांब, बाबा! प्लीज, स्टॉप!”

तिचा आवाज एवढा मोठा होता की टो ट्रकवाल्याच्या हातून साखळीच सुटली.

“सेल्फ नाही गेलाय, काका! लाइट विझतात. कनेक्शन लूज आहे. बॉनेट उघडा!”

काका काहीतरी म्हणायला गेले, पण प्रसाद पान्हा घेऊन आला. त्याने क्लॅम्प काढला. टर्मिनलवर पिवळट, वाळलेली खपली होती आणि तिच्यात तांदळाचे दाणे चिकटून बसले होते.

“अगं बाई, माझ्याच अक्षता!” सुलेखाने कपाळाला हात लावला.

“वहिनी, ट्रकचं लग्न लावलंत की काय?” काकांनी विचारलं.

“आणि तुमचा सेल्फ कुठे गेला, भावजी?”

प्रसादने टर्मिनल घासून स्वच्छ केलं, क्लॅम्प घट्ट आवळला आणि किल्ली इलाच्या हातावर ठेवली. तिने ती फिरवली. मी खोकलो, थरथरलो आणि जोरात बोलू लागलो. टो ट्रकवाला हसत साखळी गुंडाळून निघून गेला.

आता मी पुन्हा ड्राइव्हवेत उभा असतो. थोडा गंजलोय, सीट तशीच फाटकी आहे. सुलेखाताई, तुमच्या आशीर्वादावर माझा राग नाही. पुढच्या दसऱ्याला तो फक्त माझ्या टपावर ठेवा. आणि मित्रांनो, एखादा गप्प झाला म्हणून लगेच साखळी लावू नका. त्याचं काय अडलंय ते आधी बघा.

इला अजूनही शाळेतून आली की माझ्यात येऊन बसते. काल शेजारच्या काकूंनी रस्त्यावरून विचारलं, “कुणाशी बोलतेयस गं?” ती लाजली. पण उत्तर तिने दिलं.

काच खालीच होती.