वही आणली नाही

"जिथे माणूस कमी पडतोय तिथे जाऊन उभा राहा. कुणी बोलवायची वाट बघू नकोस." चर्चला निघताना पांढरे हातमोजे चढवत मिस व्हर्डीन आपल्या मुलाला हे दर रविवारी सांगायची.

कॉर्डेल गिडरीने ते जन्मभर पाळलं. लुइझियानातल्या एका गावातून व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये आल्यावर नऊ वर्षांत तो चेंडू घेऊन धावला, त्याने झेलला, फेकला. कुणी जायबंदी झालं की त्याच्या जागी हाच.

संघातून माणसं कमी करायची मुदत उद्या दुपारी संपणार होती. नाश्त्याला सगळे मान खाली घालून ग्रिट्सची, म्हणजे मक्याची, लापशी चिवडत होते. यादी घेऊन फिरणारा मर्व्हिन कॉर्डेलपाशी थांबला.

"कोचनी बोलावलंय. डावपेचांची वही घेऊन जा."

वही परत मागितली म्हणजे नारळ मिळाला. हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

"म्हाताऱ्या, बूट मला ठेवून जा हं," आडदांड बूकर म्हणाला. आवाज मात्र पडलेला.

"तुझं पाऊल त्यात मावायला नवस बोलावा लागेल," म्हणत कॉर्डेल उठला.

तो रिकाम्या हाती कोच रॅडकींसमोर जाऊन उभा राहिला.

"वही कुठाय?"

"खोलीत. वाचून व्हायचीय अजून."

कोच हसले नाहीत. "हे बघ, मला प्रत्येक जागेला एक पक्का माणूस हवाय. तुझं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या."

"याच चिंध्यांनी तुमची भोकं बुजवली, कोच. गेल्या हंगामात चार जागी खेळलो. तेव्हा नाही कुणी धड-बिड विचारलं."

"बत्तिसाचा झालास रे."

"तेहतीस. नीट लिहा."

कोचनी कपाळ चोळलं. चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूचं मनगट कालच्या सरावात मोडलं होतं. वाकून, दोन पायांमधून, पंधरा यार्ड मागे उभ्या असलेल्या, लाथेने चेंडू दूर उडवणाऱ्या किकरच्या हातात चेंडू पोचवायचा. एखादा जरी त्याच्या डोक्यावरून गेला, तरी सामना हातचा जातो.

"ते जमेल तुला?"

"सामन्यात एकदाच केलंय. चिखलात." कॉर्डेलने नजर खाली घेतली नाही. "उद्या सकाळी तुमच्यासमोर शंभर देतो. एक जरी वाकडा गेला, तर मीच वही आणून या टेबलावर ठेवीन."

"दहा पुरेत."

"शंभर, कोच."

कोचनी यादी पुढे ओढली. मग कॉर्डेलच्या नावावर काट न मारताच पेनाला टोपण लावलं. "आठ वाजता ये."

बाहेर जिन्यापाशी बूकर घुटमळत होता. "काय रे, निघालास?"

"हो. मैदानावर."

ऊन रणरणत होतं. मैदानात चिटपाखरू नव्हतं. कॉर्डेलने चेंडूंची पिशवी खाली ठेवली, कुंपणाला छातीच्या उंचीवर टॉवेल बांधला, तिथून पंधरा यार्ड मोजले आणि टॉवेलकडे पाठ करून वाकला.