सुनेचा वार

रविवारी आमच्यात कोयत्याला हात लावायचा न्हाई. देवाचा दिवस! माझा नवरा येसू, चर्चातली मिस्सा झाली की जो आडवा होतो तो जेवायलाच उठतो. आनि मी? जोयड्यावरनं फादर येनार, त्यांचं जेवन आमच्याकडं. कोंबडी साफ करा, तांदूळ निवडा, ओढ्यावरनं पानी आना, मग भांडी. रविवार आला की माझं काम दुप्पट, देवाशपथ.

त्या रविवारी फादर सांगत होते, सातव्या दिवशी देवानं सोता काम थांबवलं. गड्याला, दासीला, बैलाला, परक्यालाबी विसावा द्या म्हनाला. मी कान टवकारून बसलेले. सुनेचं नाव काय आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या परशुरामदादाच्या शेतात लावनीला गेले. आमच्या लावनीला ते आलेले, म्हनून मी जायाचं होतं. अंग नुसतं मोडून आलेलं. बघते तर ऐन हंगामात त्यांचे दोनी बैल फनसाखाली रवंथ करत बसलेत.

"दादा, बैलं आजारी हाईत काय?"

"न्हाई गं. आज सोमवार. बसवण्णाचा, नंदीदेवाचा वार. सोमवारी आमी बैलं जुंपत न्हाई."

माझ्या डोळ्यांत पानीच आलं. बैलाला वार हाय! हातातली रोपांची जुडी बांधावर टाकली, बैलांजवळ जाऊन टेकले आनि तिथंच झोपले.

जाग आली ती सासूच्या आवाजानं.

"सोनिया! लोकाच्या शेतात झोपतीस? लाज हाय काय न्हाई?"

"आत्या, बैलाला सोमवार हाय, येसूला रविवार हाय. माझा वार कुठला तेवढं सांगा, मग उठते."

 आत्या कमरेला हात लावून हळूहळू माझ्याशेजारी खाली बसली.

"मला बी कुनी सांगितला न्हाई गं," ती म्हनाली. तिचा आवाज एवढा थकलेला मी कधी ऐकला नव्हता. माझा राग कुठं गेला कळलंच न्हाई.

पुढच्या रविवारी येसू मिस्सावरनं येऊन आडवा झाला. आत्यानं कोंबडी आनून त्याच्या उशाशी सोडली.

"ऊठ. आज फादरांचं जेवन तुझ्याकडं."

आमी दोघी ओसरीवर चटई टाकून पडलो. आत्या डोळं मिटायची आनि परत उठून बसायची.

"भात करपतोय काय गं?"

"व्हय. करपू दे, आत्या."