दोन बोटं जागा

गाजरं बरणीत उभी भरायची असतात. आडवी टाकली की एकमेकांवर बसतात, मधे भोकं राहतात आणि दुकानातल्या काचेतून बरणी अर्धपोटी दिसते. उभी लावली, जाड टोक एकदा वर एकदा खाली केलं, आणि शेवटचं बारकं गाजर अंगठ्याने मधे सारलं, की बरणी कशीही हलवा, आवाज येत नाही. हे मला कारखान्यात कुणी शिकवलं नाही. ताईने शिकवलं.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि ताई चौदाची. तिनेच मला वाढवलं. ट्रंक भरायची, डबा भरायचा, कपाट लावायचं, सगळं तिच्या हाताखाली. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, रिकामी जागा म्हणजे आळस. दप्तरात वही हलली तरी ती परत भरायला लावायची. तिच्या लग्नानंतर मी गावातल्या डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात लागले. पहिल्याच महिन्यात सुपरवायझरने माझी बरणी सगळ्यांसमोर उंच धरली आणि म्हणाला, याला म्हणतात भरणं.

ते दिवस आठवले की अजून सालांचा ओला वास येतो. लांब टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही बायका, बोटं नारिंगी झालेली. ती घरी जाऊन कितीही घासली तरी नारिंगीच राहायची. जेवायला बसलं की शेजारची म्हणायची, तुला भाजी नको, हातच चाट. भरलेल्या बरण्यांत मिठाचं पाणी ओतलं जाई, झाकणं बसत, आणि त्या हॉलच्या टोकाला असलेल्या वाफेच्या टाकीत जात. टाकीला आम्ही कुकर म्हणायचो आणि ती सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला शिट्टीकाका. खरं तर त्या कुकरला शिट्टी नव्हतीच. काका मात्र दिवसभर कुकरसारखेच फुसफुसत असत.

एकदा ते मुद्दाम माझ्यापाशी आले. माझी बरणी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "पोरी, पाण्याला फिरायला जागा ठेव. वर दोन बोटं, आणि मधे जरा सैल."

मी हसून हो म्हटलं. ते वळल्यावर शेजारणीला म्हटलं, काकांना सगळंच सैल लागतं, पट्टासुद्धा. टेबलभर हशा पिकला. मी पुढची बरणी आणखी घट्ट भरली.

रोजच्या मालातल्या काही बरण्या चष्मेवाल्या बाई बाजूला काढायच्या. या बाई तपासणीच्या खोलीत असत. त्या बरण्या चौदा दिवस एका उबदार खोलीत ठेवत. तिला आम्ही बाळंतिणीची खोली म्हणायचो, कारण आत शेक होता आणि काम काही नव्हतं. चौदा दिवसांत एकही झाकण फुगलं नाही तरच त्या दिवसाचा माल बाहेर पाठवायचा, असा नियम होता. पण गोदाम लहान होतं. हंगामात माल आठवड्यातच निघायचा आणि चौदा दिवस फक्त कागदावर भरायचे. लेबल वाकडं लागलेल्या बरण्या तर त्याच संध्याकाळी आम्हाला घरी न्यायला मिळत. अशा सहा बरण्या मी सुट्टीच्या दिवशी ताईकडे नेल्या. तिचं गाव बसने तासाभरावर होतं. तिने एक कानाशी धरून हलवली, आवाज आला नाही, तशी दाजींना म्हणाली, बघा, हात कुणाचा आहे. मग सहाही बरण्या तिने शेगडीवरच्या फळीवर मांडल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी चष्मेवाल्या बाईंनी मला बोलावलं. टेबलावर दोन बरण्या होत्या. एकीचं झाकण सपाट, दुसरीचं वर आलेलं, पोळलेल्या बोटावर फोड यावा तसं. खाली माझा नंबर होता, सतरा. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी रिकामी बरणी आणि गाजरं पुढे सरकवली आणि नेहमीसारखी भर म्हणाल्या. मला वाटलं, हात बघायचाय. मी जीव ओतून भरली. शेवटचं गाजर अंगठ्याने सारलं.

बाईंनी वरून निळं पाणी ओतलं आणि वाट बघितली. पाणी काचेच्या कडेने खाली उतरलं. मग त्यांनी मधलं गाजर चिमट्याने उपसलं. ते कोरडं होतं.

उकळतं पाणी फिरलं तरच उष्णता बरणीच्या पोटात जाते, त्या सांगत होत्या. घट्ट भरलं की कडेची गाजरं शिजतात आणि मधे मातीतला जंतू जिवंत राहतो. बंद बरणीत, हवा नसताना, तोच वाढतो आणि विष सोडतो. झाकण दर वेळी फुगतंच असं नाही. वास येईलच असं नाही. आधी डोळे जातात, एकाचे दोन दिसतात, पापण्या पडतात. मग गिळता येत नाही. मग श्वास.

मी त्यांना एवढंच विचारलं, की गरम करून खाल्लं तर? दहा मिनिटं खळखळ उकळलं तर विष मोडतं, त्या म्हणाल्या, पण बरणीतली गाजरं कोण उकळतं? आणि मग, "तू घरी नेल्या होत्यास का?"

मी एप्रनसकट निघाले.

ताईच्या गावात फोन फक्त टपाल कचेरीत होता, आणि तो उचलणारा माणूस निरोप पोचवेल तेव्हा पोचवेल. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते. ताई शिळं कधी खात नाही. ताई सगळं उकळून घेते. ताईने त्या बरण्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या असतील. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि लोक सावकाश चढत होते, पिशव्या नीट लावत होते. समोरच्या बाईने टोपली जाळीत घट्ट बसवली, हलवून पाहिली, आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दार उघडंच होतं. ताई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, भिंतीला टेकून. फळीवर पाच बरण्या होत्या. सहावी मोरीपाशी पालथी घातलेली, धुऊन.

दाजी दोन दिवस बाहेरगावी होते. एकटीसाठी कुठे शेगडी पेटवा, म्हणून तिने काल दुपारी बरणीतून तशीच चमच्याने खाल्ली होती.

तिने मान मागे नेली, जड पापण्यांखालून माझ्याकडे पाहिलं, आणि हसली. आवाज नाकातून येत होता.

"ये. आज दोघी आलात का? एकीनेच डोकं खाल्लेलं पुरे होतं."

मी तिला तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी अशक्तपणा म्हटलं. मग डोक्यातली रक्ताची गाठ म्हटलं. मी फळीवरची एक बरणी उचलून आणली होती. ती त्यांच्या टेबलावर ठेवली, नंबर दाखवला आणि म्हटलं, ही मी भरली आहे. बाईंनी सांगितलेलं सगळं शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि फोन उचलला. औषध मोठ्या शहरातून यायला दुसरी सकाळ झाली. तोवर ताईचा श्वास यंत्र घेत होतं.

सात आठवडे. तिला सगळं ऐकू येत होतं, असं नर्स म्हणायची, फक्त पापणी उचलता येत नव्हती. चौथ्या आठवड्यात मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. काका म्हणाले होते वर दोन बोटं जागा ठेव, मी हसण्यावारी नेलं, बरणी मी मुद्दाम जास्त घट्ट भरली. तिचा हात माझ्या हातात होता. तो हललाही नाही.

कारखान्याने त्या दिवसाचा माल परत मागवला. चाळीस खोकी होती. दुकानदारांना तारा गेल्या आणि ट्रक फिरले. मी खाली मान घालून गोदामात उभी राहायचे आणि उतरणारी खोकी बघायचे. पुढच्या महिन्यात मी काम सोडलं. कुणी थांब म्हटलं नाही.

ताई घरी आली तेव्हा डावी पापणी अर्धीच उघडत होती, ती पुढे तशीच राहिली. मी तिचं स्वयंपाकघर लावायला गेले तर तिने आधीच सगळं लावलेलं होतं. साखर, डाळ, तांदूळ, सगळे डबे पुसून ओळीत. मी एक उघडला. मग दुसरा. मग सगळे. प्रत्येकात वर दोन बोटं जागा होती.

मी झाकणं लावली. ती पाठमोरीच होती. त्या घटनेबद्दल आयुष्यात एकदाच तिने मला विचारलं, ते तेव्हा.

"सगळी खोकी परत आली ना?"

"आली," मी म्हटलं.

अडतीस आली होती. एका खोक्यात चोवीस बरण्या असायच्या.