आप्पांच्या पायाखालचा ब्रेक

मी एका जुन्या, उंच एसयूव्ही गाडीचा ब्रेक आहे. सगळा ब्रेक म्हणजे मी नव्हे. चाकांपाशी माझे भाऊबंद बसलेले असतात, आमच्यामध्ये बारीक नळ्या असतात आणि नळ्यांत तेल असते. चालकाच्या पायाखाली रबर लावलेली जी लोखंडी पट्टी दिसते, तेवढाच मी. मला पेडल म्हणतात. गाडी घेताना लोक रंग बघतात, खुर्च्यांवर बसून बघतात, गाणी नीट वाजतात का तेही बघतात. माझ्यावर फक्त पाय ठेवतात.

मित्रांनो, त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. माझा जन्म कारखान्यातल्या एका मोठ्या दाबयंत्राखाली झाला. एका दणक्यात आकार आला, दुसऱ्या दणक्यात कंबरेत वाक आला. गाडीत बसवल्यावर तपासनीस बाईंनी मला पायाने दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "एकदम कडक! जाऊ द्या पुढं." ती माझी पहिली शाबासकी.

मला आप्पांनी घेतले. आप्पांनी तीस वर्षे प्रवासी बस चालवली होती आणि त्या तीस वर्षांत कुणाला साधा ओरखडाही येऊ दिला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि लेकीला तिच्यावर चालवायला शिकवले. पहिल्या दिवशी त्यांनी तिला किल्ली फिरवू दिली, पण गाडी हलवू दिली नाही.

"आधी ब्रेक दाबून बघ," ते म्हणाले. "पळवायला काय, कुणीही पळवतं. थांबवता येते का ते बघायचं, मगच हलायचं."

"रोज बघायचं?"

"जेवायच्या आधी हात रोज धुतेस ना? तसंच."

पुढे आप्पांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. त्यांना सारी गल्ली काकू म्हणायची. काकूंचा डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. जीभही महिनाभर अडखळली, पण सुटली ती पहिल्यापेक्षा जास्त धारदार होऊन. दर तिसऱ्या दिवशी त्यांना व्यायामाच्या केंद्रात न्यावे लागे. लेकीची नोकरी होती, म्हणून नेणे-आणणे आप्पांकडे. काकूंना उचलून गाडीत बसवताना आप्पांना धाप लागायची, पण एकदा स्टिअरिंग हातात आले की ते पुन्हा तीस वर्षांपूर्वीचे आप्पा व्हायचे. माझ्या रबराचा उजवा कोपरा त्यांच्या टाचेने आणि तळव्याने झिजून गुळगुळीत झाला होता. मला तो कोपरा दागिन्यासारखा वाटे.

मग मागच्या डाव्या चाकापाशी तेल पाझरू लागले. थेंबथेंब, कुणाला दिसणार नाही इतके. समोरचा लाल दिवा लुकलुकला, तेव्हा आप्पांनी बॉनेट उघडले, ब्रेकच्या तेलाच्या डबीत तेल कमी दिसले, बाटली आणून भरले. दिवा विझला. तेल गेले कुठे, हे मात्र त्यांनी विचारले नाही. मधल्या काळात नळ्यांत हवा शिरली होती. तेल कसे असते, दाबले की सगळा जोर इमानाने चाकापर्यंत पोचवते. हवा तशी नाही. ती आधी स्वतः चेपते आणि उरलासुरला जोर पुढे सोडते. मी मऊ पडलो. आप्पांचा पाय माझ्यावर पडला की ओल्या स्पंजात रुतावा तसा रुतू लागला.

मला वाटले, बसचा एवढा जुना चालक, याला लगेच कळेल. आप्पांना कळले, पण उलटेच कळले. त्यांना वाटले, आपल्या पायातला जोर गेला.

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, की आप्पा, दोष तुमच्या गुडघ्यात नाही, माझ्या नळीत आहे! पण ब्रेकला बोलता येत नाही. त्याला फक्त खाली जाता येते.

आप्पांनी ही गोष्ट लपवली. बोललो तर लेक किल्ली काढून घेईल, मग काकूंना नेणार कोण, आणि मी घरात बसून करू काय, ही त्यांची भीती. ते एकाऐवजी दोनदा पाय मारू लागले. दुसऱ्या दाबाला मी थोडा घट्ट व्हायचो आणि गाडी थांबायची. काकूंच्या नजरेतून ते सुटले नाही.

"अहो, पायानं ताल कसला धरताय?"

"जुनं गाणं आठवलं."

"तुम्हाला? लोकांच्या लग्नात मंगलाष्टकंसुद्धा चुकायची तुमची!"

आप्पा हसले. पण सकाळी दार लावून ते गुडघ्याला तेल चोळत. काकूंची व्यायामाची रबरी पट्टी पलंगाच्या पायाला बांधून तिच्यावर पाय रेटत. हे मला पुढे कळले, काकूंनी गाडीत बसून सगळ्यांना ऐकवले तेव्हा.

एका दुपारी आम्ही केंद्राच्या उतारावर आलो. खाली नेहमीच्या सेविका बाई चाकांची खुर्ची घेऊन उभ्या होत्या. आप्पांनी दाबले, मी खाली गेलो. पुन्हा दाबले, मी पुन्हा खाली गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही पाय माझ्यावर ठेवले आणि हँडब्रेक ओढला. गाडी थांबली, पण रिकाम्या खुर्चीला धक्का देऊन. बाई वेळेवर बाजूला झाल्या होत्या.

"आप्पा, आज मलाच खुर्चीत बसवून नेणार होता की काय?" त्या हसून म्हणाल्या.

आप्पा हसले नाहीत. परतताना सगळी वाट पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून आले. अंगणात लेक उभी होती. त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"घे. माझा पाय गेला. आजपासून मी चालवणार नाही."

ते घरात निघून गेले. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर मणामणाचा दाब आला, पण त्या एका वाक्याइतका जड कुठलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी लेकीने रजा घेतली. काकू शेजारी बसल्या. तिने किल्ली फिरवली आणि गाडी हलवण्याआधी मला दाबले. हात धुवावेत तसे, सवयीने. मी खाली गेलो. तिने पुन्हा दाबले आणि इंजिन बंद करून थेट हाक मारली.

"आप्पा! बाहेर या!"

आप्पा दारात आले.

"तुमचा पाय गेला म्हणता? मग माझाही गेला म्हणायचा! हे बघा, स्पंज झालाय नुसता."

आप्पा वाकून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटले ते आनंदतील. ते पायरीवर मटकन बसले.

"म्हणजे चार महिने मी हिला असल्या गाडीतून फिरवलं? आणि गुडघ्याला तेल चोळत बसलो?"

"माझी पट्टीसुद्धा ताणून ठेवली," काकू म्हणाल्या. "अहो, मला निदान सांगायचं तरी. मी काय तुमचा पाय कापून घेतला असता?"

लेकीने काकूंना रिक्षाने नेले. गाडी जागची हलली नाही, गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्रीच घरी आले. मागचे चाक उघडून त्यांनी आतला तेल गळणारा ओला भाग दाखवला आणि बदलला. मग म्हणाले, "आता नळ्यांतली हवा काढायची. कुणीतरी पेडलवर बसा, पाय पक्का हवा."

आप्पा दोन पावले मागे सरले. "लेक आल्यावर..."

"तीस वर्षं बस कुणी चालवली, लेकीनं? बसा!"

आप्पा बसले. मिस्त्री चाकापाशी आडवे झाले.

"दाबा... दाबा... धरून ठेवा!"

"धरलं."

खालून फसफसत हवा निघाली. मी तळाला गेलो, आप्पांनी तसेच धरून ठेवले. खालून "सोडा" आल्यावरच त्यांनी पाय उचलला. चारही चाकांशी हेच झाले. दर खेपेला मी थोडा थोडा वर येत गेलो. शेवटी आप्पांनी दाबले आणि मी अर्ध्या वाटेतच घट्ट उभा राहिलो. त्यांनी बराच वेळ पाय काढला नाही.

पुढच्या खेपेला उतारावर गाडी एका दाबात थांबली. सेविका बाई तरीही दहा पावले लांब उभ्या होत्या.

"अहो, आज ताल नाही?" काकूंनी विचारले.

"गाणं संपलं," आप्पा म्हणाले.

मित्रांनो, घरातल्या गाडीचा ब्रेक मऊ लागला तर दोनदा दाबून वेळ मारून नेऊ नका, मोठ्यांना त्याच दिवशी सांगा. आणि घरातले एखादे म्हातारे माणूस गुपचूप दार लावून गुडघे चोळत असेल, तर जवळ जाऊन विचारा. कदाचित त्यांच्या पायाला काहीच झाले नसेल. कदाचित झालेही असेल. पण विचाराल तेव्हाच ते कळेल.