मंठाळचा मारवा

बसवकल्याणच्या अंकुशरावांना एक खोड होती. आपल्याला आवडलेलं गाणं दुसऱ्याच्या कानात घातल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. कापडाचं दुकान लेकाच्या हवाली केल्यापासून तर ही खोड पार हाताबाहेर गेली. फोनवर साठ माणसांचा ग्रुप, अन् रोज एक शिफारस: सकाळी ही तोडी ऐका, दुपारी तो सारंग ऐका. लोक तरी काय करणार बिचारे, अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होत. रविवारी संध्याकाळी मात्र दोन-चार खरे कानसेन त्यांच्या ओसरीवर जमत.

या शिफारशींत मानाचं पान एकाच गाण्याला. गुरुलिंगबुवांनी मंठाळ गावच्या मैफलीत गायलेला मारवा, साल चौऱ्याण्णव. बुवा मोठ्या शहरांत कधी गेलेच नाहीत, त्यामुळे त्यांचं दुसरं रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं. "मी स्वतः टेप घेऊन बसलो होतो," हे अंकुशराव प्रत्येकाला सांगत. ते खोटं होतं. पण तीस वर्षांत असं पचलं, की ढेकरसुद्धा आला नाही.

त्या रविवारी शिवप्रसाद मास्तर अन् मंजुश्री येऊन बसले होते, तेवढ्यात एक म्हातारी अन् तिचा लेक दारात उभे राहिले.

"मी राजपाल. मादन हिप्परग्याहून आलोय, तुमच्या ग्रुपात हाय मी," लेक म्हणाला. "आईला तुमचा तो मारवा ऐकायचाय."

अंकुशरावांनी म्हातारीकडे पाहिलं. विटलेलं लुगडं, राबून राठ झालेले हात. "अक्का, मारवा जड जाईल तुम्हाला," ते अगदी मायेनं म्हणाले. "एखादं भजन लावतो. सोपं, गोड."

"भजन नगं. मारवाच लावा," म्हातारी म्हणाली अन् दिलेली खुर्ची सोडून स्पीकरजवळ खाली बसली.

गाणं सुरू झालं. दर समेला म्हातारीची मान हलत होती, अन् नेमकी जागेवर हलत होती. मंजुश्रीनं मास्तरांकडे बघितलं. वीसेक मिनिटं झाली असतील, म्हातारीनं एकदम हात वर केला, कुणी बोलू नका म्हणून. कान लावून ऐकत राहिली. मग तिचा हात हळूहळू खाली आला.

"ह्यात आवाज होता की," ती म्हणाली. "लाईट गेल्ती तवा. 'सरू, बॅटरी लाव' म्हणले होते. कुठं गेला त्यो?"

'सरू' म्हणताच अंकुशरावांना ओळख पटली. रामराव माईकवाले! आळंदपासून भालकीपर्यंत कार्यक्रम कुणाचाही असो, भोंगे अन् माईक रामरावांचे. अन् मशीनशेजारी रात्र रात्र बसून असायची ती त्यांची बायको, ही सरुबाई. या ओसरीवरच्या सगळ्यांनी मिळून ऐकलं नसेल तेवढं गाणं या बाईनं एकटीनं ऐकलं होतं, अन् तिला अंकुशराव भजन देत होते! मंठाळला टेप रामरावांचा होता, सेलवरचा. कॅसेटही त्यांचीच. 'आठ दिवसांत आणून देतो' म्हणून अंकुशराव घेऊन गेले, अन् माईकवाल्याला काय करायचाय मारवा, असं मनाशी म्हणून ठेवून घेतली.

"राजपालचे वडील चैतात गेले," सरुबाई सांगत होती. "फोटू हायत घरात. आवाज कुठंच न्हाई. तेवढाच हाय, ह्यात."

"अण्णा, रेकॉर्डिंग तुम्ही केलं होतं न्हवं?" मास्तरांनी विचारलं.

"मीच की. असला काही आवाज नव्हताच ह्यात," अंकुशराव बोलून गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मग मलाच भास झाला आसंल बघ," सरुबाई लेकाला म्हणाली. "वय झालं रं. उगंच तुला इतक्या लांब आणलं."

अन् ती पदर सावरून उठायला लागली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर अंकुशरावांनी निमूट खाल्ल्या असत्या. पण ती स्वतःच्याच कानांना खोटं ठरवून निघाली होती, अन् तेवढं मात्र त्यांना सोसवेना.

"थांबा अक्का," ते म्हणाले. "आवाज होता. मी काढला. मागच्या वर्षी कॅसेट लातूरला नेऊन गाणं साफ करून घेतलं. मधेच कोण बोलायलंय, तेवढं कापा, असं मीच म्हणलो. टेप रामरावांनीच केलेला. मी नव्हं."

"आन कॅसेट?" राजपालनं विचारलं.

"टाकून दिली. दिवाळीच्या साफसफाईत."

आपल्याच घरात तोंड कुठं लपवावं ते अंकुशरावांना कळेना.

"चल आई," राजपाल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "हितं एक मिनिट बसायचं न्हाई."

सरुबाई उभी होती ती पुन्हा खाली बसली. "परत लावा," ती अंकुशरावांना म्हणाली. "जागा ठावं हाय मला."

मारवा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. वीसेक मिनिटं गेली. ती जागा आली तशी सरुबाई स्पीकरकडे झुकली, अन् कामात गुंतलेली बाई नवऱ्याला दबक्या आवाजात सांगते तसं म्हणाली, "लावली हो बॅटरी, लावली. चालू द्या."